हंबीररावांच्या पोटातली टाकी

ही गोष्ट सन २०१९ची. संक्रांत होऊन आठवडा होत आला होता. एकवीस जानेवारी, सोमवार.

सकाळी दहाच्या सुमारास शाहूपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात हंबीरराव खाड्यांना खुर्चीवरून आत आणलं. पासष्टीचा उंचापुरा गडी, पण कपाळावरून घामाच्या धारा चाललेल्या. अंगावर काटा, एकामागून एक जांभया, आणि कमरेतली कळ अशी की ओठ चावून रक्त आलेलं.

डॉक्टर अरिहंत शेट्यांनी त्यांना टेबलावर आडवं केलं, सदरा वर केला. बेंबीच्या उजव्या अंगाला कातडीखाली आवळासुपारीच्या डबीएवढी गोल टाकी होती. डॉक्टरांनी तिच्या मधोमध सुई घातली आणि वाट बघितली.

सिरिंजमध्ये काहीच चढलं नाही.

निदान चार मिली औषध उरायला हवं होतं. टाकी ठणठणीत कोरडी होती.

"आमचं औषध कुणी प्यालं?" हंबीररावांचा मुलगा धैर्यशील दारातून ओरडला. "भरताना ह्या सिस्टरच होत्या की! दुसरं कोण हुतं?"

त्याचं बोट चंदना मगदूमकडं होतं. हुपरीची मुलगी. बाप चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचा. लेक नर्स झाली याचा त्याला कोण अभिमान. चंदनानं हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

टाकीतलं औषध म्हणजे मॉर्फिन. त्याचा एक थेंब कमी भरला तरी सरकारला जाब द्यावा लागतो. दुपारपर्यंत धैर्यशीलचा लेखी अर्ज आला आणि चंदनाला घरी बसवलं. गुरुवारी चौकशी. त्यात उलगडा झाला नाही तर प्रकरण पोलिसांत जाणार, आणि मग त्या मुलीच्या अंगावर पुन्हा कधी नर्सचा गणवेश चढणार नव्हता.

चौकशीला बाहेरचं माणूस हवं म्हणून डॉक्टरांनी शालूबाईंना फोन केला.

शालूबाई सरकारी दवाखान्याच्या मेट्रन म्हणून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. काचेच्या सिरिंजा भांड्यात उकळायच्या त्या काळातल्या त्या. शिकाऊ डॉक्टर अरिहंतला 'आधी हात धुवा' म्हणून त्यांनी वॉर्डातून बाहेर काढलं होतं. चंदना त्यांचीच विद्यार्थिनी, अगदी शेवटच्या तुकडीतली.

"मला तुमचं ते यंत्र कळत नाही," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. "शिकवा."

डॉक्टरांनी टेबलावर तसलीच एक रिकामी टाकी ठेवली. "मेट्रनबाई, ह्यांच्या मणक्याची दोन ऑपरेशनं फसली. गोळ्यांनी पोट बिघडायचं, डोकं गरगरायचं. म्हणून ही टाकी बसवली. आत दोन कप्पे. एकात औषध, दुसऱ्यात कोंडलेला वायू. वायू औषधाला रेटतो. ते बारीक नळीतून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात थेंबथेंब उतरतं. गोळीच्या कितीतरी पट कमी औषधात काम होतं."

"बॅटरी?"

"नाही. काही जातींना असते, हिला नाही. वेग कारखान्यातच ठरलेला. चाळीस दिवसांनी आम्ही सुई घालतो, उरलेलं काढतो, नवं भरतो."

"आणि घरच्यांना काय सांगता?"

डॉक्टरांनी फायलीतून कार्ड काढलं. जड उचलू नये. कमरेतून एकदम वाकू नये. उंच डोंगरावर जाऊ नये. अंगाला फार उष्णता लागू देऊ नये. ताप आल्यास त्याच दिवशी कळवावे. खाली धैर्यशीलची ऐटबाज सही.

"ह्याआधी असं कमी पडलं होतं?"

डॉक्टरांनी फायलीची पानं उलटली. "जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चोख होतं. डिसेंबरात चारऐवजी दोन निघालं. मला वाटलं, काढताना चूक झाली असेल."

"वाटलं," शालूबाई म्हणाल्या. "अरिहंत, हात धुणंही तुम्ही असंच वाटण्यावर सोडायचात."

टाकी गळते का, नळी सुटली का, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी रंगीत औषध सोडून तपासलं. सगळं जिथल्या तिथं होतं. नवीन औषध भरलं, हंबीररावांची कळ उतरली. गळती नाही म्हणजे चोरी, असं सगळा दवाखाना बोलू लागला.

मंगळवारी शालूबाई हुपरीला गेल्या. बसमध्ये उभ्यानं. चंदना आतल्या खोलीत बसून होती. डोळे सुजलेले.

"डिसेंबरात टाकी कुणी भरली?"

"मी. डॉक्टर समोर होते."

"आधीचं उरलेलं औषध कुठं गेलं?"

चंदना खाली बघत राहिली.

"तोंड उघड, पोरी. मी तुझी सासू नाही."

"ओतून टाकलं."

"साक्षीला कोण होतं?"

"कुणी नाही. दोघींनी मिळून ओतायचं असतं, मला माहीत आहे. दुसरी सिस्टर जेवायला गेली होती. पेशंट ताटकळत होते. मी एकटीनंच ओतलं."

शालूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पंधरा वर्षं ह्याच एका गोष्टीसाठी त्या मुलींच्या कानीकपाळी ओरडल्या होत्या. पोरगी चोर नव्हती, हे त्यांना तिच्या तोंडावर दिसत होतं. पण चौकशीला तोंड चालत नाही, कागद लागतो. आणि कागदावर एक सही कमी होती.

"माझ्यावर विश्वास आहे ना, मॅडम?"

"माझ्या विश्वासाला कोण विचारतंय?" शालूबाई तडकल्या आणि चहा न घेताच उठल्या.

संध्याकाळी त्या वॉर्डात हंबीररावांजवळ बसल्या. म्हातारा आता माणसात आला होता. पोराच्या अर्जाबद्दल मात्र त्याला कुणी काही सांगितलेलं दिसलं नाही.

"आबा, दिवसभर काय करता?"

"काय करायचं? मळ्यातल्या खोपीवर ऊन खात पडतो. सकाळी पोरगं गाडीनं सोडतंय, सांजच्याला आणतंय."

"आयुष्यभर काय केलंत?"

"गूळ!" म्हातारा एकदम ताठ झाला. "गुळव्या हाय म्या. पाक पाण्यात टाकून चिमटीत धरला की सांगतो, उकळत्या रसाची काईल कवा उतरायची. पन्हाळ्याखाली इचारा कुणालाबी."

"आता जाता का तिकडं?"

"छ्या. आता कशाला?" त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

पांघरूण ओढताना शालूबाईंना त्यांचे हात दिसले. छातीवर पांढरी लव दाट होती, कोपरापासून खाली मात्र एक केस नव्हता. त्यांनी नुसतं बघून ठेवलं. कितीतरी गोष्टी त्या अशाच बघून ठेवत आणि नंतर वेळेवर आठवल्या नाहीत म्हणून स्वतःवर चिडत.

बुधवारी कोडोली, खाड्यांचं गाव. धैर्यशीलच्या घरी फक्त त्याची आई होती. झुंबरबाईंनी घोंगडं अंथरलं, पाणी दिलं आणि मग तोंडाचा पट्टा सोडला.

"बाई, समदं पाळलं बगा. लेकानं, शीलानं, मला कार्ड वाचून दावलं हुतं. मला अक्षर येत न्हाय, पर एकदा ऐकलं की पाठ. जड उचलायचं न्हाय. वाकायचं न्हाय. डोंगराव जायचं न्हाय. जोतिबाला सुदिक जाऊ दिलं न्हाय म्या, देवाला म्हटलं, तूच खाली ये. आणि ताप आला की फोन."

"ताप आला होता?"

"न्हाय वो. हात लावून बगत हुते की रोज."

"मग त्रास काय होता?"

"तरास? झोप! सांजच्याला गाडीतनं उतरलं की डोळं मिटायचं. घास हातात तसाच. मागल्या आठवड्यात तर श्वासबी लांबलांब घ्याया लागलं. अंग खाजवायचं. पहाटं परत ठणठणीत."

"कधीपासून?"

"दिवाळी सरल्यापास्नं. रोज. एक अवस सोडून."

"अमावास्या?"

"हसू नका. अवसेला गडी दिवसभर ताजा. रातच्याला टीवी बगतोय, मला शिव्या देतोय. शेजारीण म्हणती, औषधात कायतरी देवाचं हाय."

शालूबाई हसल्या नाहीत, पण त्यांना काही उमगलंही नाही. चोरी आणि अमावास्या यांचा काय संबंध? त्यांनी वहीत लिहून ठेवलं आणि शेजारी वैतागून एक फुली मारली.

"गुऱ्हाळ कोण बघतं आता?"

"शीलानं नवा गुळव्या ठिवलाय, कागलाकडचा. म्या त्येचं तोंड बगितलं न्हाय. भाकरी धाडू का म्हटलं, तर म्हणतोय, तो आपली आपणच आणतोय."

मळा घरापासून कोसभर. शालूबाई रिक्षानं गेल्या. भर हंगामात गुऱ्हाळघराच्या धुराड्यातून धूर नव्हता. चुलवाण गार पडलेलं. तोडलेला ऊस वाळत पडलेला आणि त्यावर माश्या.

धैर्यशील मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होता. त्यांना बघून त्यानं फोन कापला.

"तुम्ही आणि हिकडं?"

"गुळव्याला भेटायचं होतं."

"गावाला गेलाय."

"कधी?"

"सोमवारी."

"नाव काय त्याचं?"

"बाई, चोर दवाखान्यात हाय आन् तुम्ही माझ्या गुळव्याची जातकुळी इचारताय व्हय?" तो भडकला. "माझा बा मरता मरता वाचलाय. त्या सिस्टरला आत टाका, मग या गूळ खायाला."

शालूबाई परत फिरल्या. रिक्षावाल्यानं फाट्यावर सोडलं. एसटीला तासभर उशीर. उद्या सकाळी अकराला चौकशी, आणि त्यांच्या वहीत झोप, अमावास्या आणि कुणी न पाहिलेला एक गुळव्या. फाट्यावरच्या बाकावर बसून त्यांना स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षं दवाखान्यात घालवली आणि एका पोरीसाठी एक साधा दुवा सापडत नव्हता.

शेजारी एक बाई टोपलीत भाकऱ्या बांधून उभी होती.

"कुणाला एवढ्या?" शालूबाईंनी उगीच विचारलं.

"गुळव्याला. मालकिणीनं दिल्यात. एसटीनं पुढच्या मळ्यात जायचं हाय."

आणि शालूबाईंना आपली आई दिसली. वडिलांच्या गुऱ्हाळाच्या हंगामात पहाटे उठून जाड भाकऱ्या थापणारी. घरात तांदूळ नसला तरी चालेल, पण गुळव्याचं ताट आधी. गुळव्याला उपाशी ठेवलं तर गूळ फुटतो, असं ती म्हणायची. वडील तर म्हणत, जो आपली भाकरी आपण आणतो तो गुळव्या नव्हे, पळून आलेला जावई.

त्यांनी वही उघडली. मग फुली मारलेल्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिल्या. एसटी आली, गेली. त्यांना कळलंसुद्धा नाही.

गुरुवारी अकरा वाजता डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. चंदना कोपऱ्यात. झुंबरबाई पदर डोक्यावर घेऊन. धैर्यशील दाराशी. शालूबाईंनी हट्ट करून हंबीररावांनाही खुर्चीवर बसवून आणलं होतं.

"त्यांना कशाला?" धैर्यशील म्हणाला. "डॉक्टर, आबांना ताण नको."

"औषध त्यांचं, टाकी त्यांची," शालूबाई म्हणाल्या. "डॉक्टर, मला एक सांगा. चंदनानं टाकीत औषध कमी भरलं असतं, तर काय झालं असतं?"

"टाकी लवकर रिकामी झाली असती."

"पण रिकामी होईपर्यंत? रोजचा थेंब तेवढाच?"

"तेवढाच. वेग ठरलेला असतो."

"मग माणसाला गुंगी कशी येईल? घास हातात धरून झोपणं, अंगाला खाज, लांब लांब श्वास. हे कमी औषधाचं लक्षण की जास्त औषधाचं?"

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. "जास्तीचं. पण मला हे कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाही. म्हणजे औषध कुणी काढून नेलं नव्हतं. ते हंबीररावांच्याच कण्यात गेलं होतं, ठरल्यापेक्षा भराभर. आता ही टाकी घाई कशानं करते?"

"वायू तापला तर. तो फुगतो आणि औषधाला जास्त रेटतो. अंग दोन-तीन अंशांनी तापलं तरी वेग बराच वाढतो. म्हणून तर ताप आला की कळवा म्हणतो."

"ताप आला नव्हता. झुंबरबाई रोज हात लावून बघत होत्या. मग बाहेरची धग. दिवाळीनंतर सुरू झालेली, रोज दिवसभर लागणारी आणि अमावास्येला बंद असणारी." त्यांनी धैर्यशीलकडं पाहिलं. "अमावास्येला काय बंद असतं, दादा?"

झुंबरबाईच पुटपुटल्या, "गुऱ्हाळ. अवसेला काईल चढवत न्हाईत आमच्यात."

"तुमच्या नव्या गुळव्याला कुणी पाहिलं नाही. त्याची भाकरी मालकाच्या घरातून जात नाही. असा गुळव्या मी जन्मात ऐकला नाही. आणि हा गुळव्या नेमका सोमवारी गावाला गेला, ज्या दिवशी हंबीरराव इथं आले. त्या दिवसापासून तुमचं चुलवाण गार आहे. आबा, हात पुढं करा."

हंबीररावांनी हात पुढं केले नाहीत. करायची गरजही नव्हती. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिले. कोपराखालची लव धगीनं झडून गेलेली.

"कोण म्हणतंय मी तितं गेलतो?" म्हातारा गुरगुरला.

"मी म्हणते. तुम्ही नाही म्हणालात, तर ही मुलगी आज दुपारी पोलिसांत जाईल. तुमचं मॉर्फिन चोरलं म्हणून."

हंबीररावांनी चंदनाकडं पाहिलं. मग मुलाकडं. "हिनं? शील्या, काय म्हणत्यात ह्या?"

"आबा, तुम्ही गप बसा."

"अरं, माझ्या पाठीवरनं हात फिरवत बसती ती पोरगी, सुई टोचताना! तू अर्ज केलास हिच्यावर?" त्यांचा आवाज चढला. "गेलतो मी! रोज गेलतो. काईलीला पोट लावून हुबा हुतो, सकाळपास्नं सांजपातुर. कमर दुखत नव्हती, मग का जाऊ नगं? कुणी सांगितलंय, आगीजवळ जायचं न्हाय म्हणून?"

"कार्डावर आहे," चंदना पहिल्यांदाच बोलली. "चौथी ओळ. मी धैर्यशीलदादांना दोनदा वाचून दाखवली. त्यांनी सही केली."

"झुंबरबाई," शालूबाईंनी विचारलं, "कार्डावर किती गोष्टी होत्या?"

झुंबरबाईंनी बोटांवर मोजलं. जड, वाकणं, डोंगर, ताप. चौथ्या बोटाशी त्या थांबल्या आणि लेकाकडं बघत राहिल्या. "शीला, मला चारच सांगितलंस की रं."

धैर्यशीलनं दाराच्या चौकटीला पाठ टेकली. "रसाची दोन आदणं वाया गेलती. पाक बसंना. लोक हसाय लागले, हंबीररावाच्या पोराला गूळ येत न्हाय म्हणून. आबांना इचारलं, तर ते स्वतःच उठून हुबे राहिले. आईला कळलं असतं तर तिनं दारात आडवं पडून अडवलं असतं. म्हणून ती ओळ गाळली. थोडी धग लागली तर काय हुतंय, असं वाटलं."

"दिवाळीनंतर आबा गुंगीत पडू लागले तेव्हा?"

"वाटलं, म्हातारपण."

"आणि सोमवारी, टाकी कोरडी निघाली तेव्हा?"

"तवा कळलं. पर डॉक्टर माझ्याकडं बघाय लागले, आन् सिस्टर समोर हुत्या."

"एखाद्या संध्याकाळी तुझ्या बापाचा श्वास थांबला असता," डॉक्टर म्हणाले. "तू त्याला गाडीत झोपलाय म्हणून घरी आणला असतास."

झुंबरबाई उठल्या. वाटलं, लेकाच्या मुस्काटात मारतील. पण त्या चंदनापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला. चंदनानं हळूच तो हात सोडवला.

पुढं काय झालं ते सांगायला हवं.

प्रकरण पोलिसांत गेलं नाही. अर्ज मागं घेतला गेला. चंदनाला कामावर बोलावलं, पण साक्षीदाराशिवाय औषध ओतल्याबद्दल तिला समजपत्र मिळालं. ते काढून टाका म्हणून शालूबाई दोनदा भांडल्या. डॉक्टर म्हणाले, "नियम तुम्हीच शिकवलात." हे त्यांना फार लागलं.

डॉक्टर शेटे आता टाकी भरताना आधी झोपेबद्दल विचारतात आणि मग सुई हातात घेतात. धग लागते अशा धंद्यातल्या माणसाला ते वायूवरची टाकी बसवत नाहीत.

हंबीरराव चार वर्षं जगले, बिनदुखण्याचे. गुऱ्हाळाकडं त्यांना कुणी फिरकू दिलं नाही. हंगामात ते घरातल्यांशी बोलणं टाकायचे आणि फाल्गुनात परत सुरू करायचे. २०२३च्या उन्हाळ्यात हृदयविकारानं गेले.

झुंबरबाई साठीनंतर अक्षर शिकल्या. लेकानं वाचून दाखवलेलं त्या आजही परत शेजारणीकडून वाचून घेतात, कारण जोडाक्षर अजून अडतं.

धैर्यशीलनं गुऱ्हाळ मोडलं आणि ऊस कारखान्याला घालू लागला. गावात त्याला कुणी नावं ठेवली नाहीत, ही शालूबाईंची खंत. त्या आजही म्हणतात, चोरी पकडणं सोपं, कारण चोराला लोक चोर म्हणतात.

चंदनानं सहा महिन्यांत तो दवाखाना सोडला. मिरजेत वॉर्डाची प्रमुख झाली. त्याच दिवाळीत धैर्यशील हुपरीला तिच्या घरी गेला होता. तिच्या वडिलांनी त्याला बसायला पाट दिला, चहा दिला, फराळाचं ताटही पुढं ठेवलं. तो तासभर बसला.

चंदना आतून बाहेर आली नाही.